‘अँबॅसडर’चा निरोप आणि आमची हळहळ

मेल्या म्हशीला मणभर दूध, ही म्हण माणसांइतकीच वस्तूंच्या बाबतींतहि खरी ठरते, याचा प्रत्यय ‘अँबॅसडर’ मोटारीच्या अखेरीनंतर जें लिहिलें गेलें त्यावरून चांगला येतो. ता. २४ मे २०१४ रोजीं बंगालमधील उत्तरपाडा येथील हिंदुस्थान मोटर्सच्या कारखान्यांतील काम बंद पडलें. पुढें २०१७ च्या फेब्रुवारींत या मोटारीचें नांव प्यूजो या फ्रेंच कंपनीनें ८० कोटी रुपयांस विकत घेतलें. मोटार एकदां गेली आणि नांव दुसऱ्यांदा गेलें. दोन्ही वेळां वर्तमानपत्रांतून व मासिकांतून हळहळीचा पूर लोटला, आणि अजूनहि एखादी जुनी पांढरी अँबॅसडर भंगारांत निघाली कीं तो पूर पुन्हां चढतो.

या लेखनांत कांहीं प्रांजळ आहे, कांहीं खरोखर चांगलेंहि आहे. परंतु त्यांतील बराच भाग असा आहे कीं तो वाचून अँबॅसडर ही मोटार नसून एखादी कुलदेवता होती, असें परक्या माणसास वाटावें. ज्यांनीं ती हातीं येण्यासाठीं वर्षानुवर्षें वाट पाहिली आणि हातीं आल्यावर घाटाच्या मध्यावर बॉनेट उघडून पुन्हां रेडिएटर निवण्याची वाट पाहिली, त्यांनींच तिला निष्कलंक ठरवावें, ही गोष्ट मनोरंजक आहे खरी, पण टीकाकारानें ती निमूटपणें मान्य करावी अशी नाहीं. म्हणून आम्ही येथें मोटारीपेक्षां तिच्या मृत्युलेखांचेंच परीक्षण करणार आहों. हळहळ ही कांहीं वाईट भावना नव्हे. परंतु ती कशासाठीं आहे याचा हिशेब न ठेवल्यास ती माणसास स्वतःविषयींच फसविते.

या मृत्युलेखांचें सार काढूं गेल्यास तें तीन वाक्यांत सांगतां येईल. पहिलें, ती मोटार आपली होती, स्वदेशी होती. दुसरें, ती दणकट होती आणि आपल्या रस्त्यांस तिच्यासारखी दुसरी योग्य गाडी नव्हती. तिसरें, ती सर्वांची होती. मंत्रीहि तिच्यांत बसत आणि टॅक्सीचें भाडें देणारा कारकूनहि बसे. हीं तिन्ही विधानें आपण क्रमानें पाहूं.

प्रथम स्वदेशीपणाचा प्रश्न. हिंदुस्थान मोटर्स ही कंपनी बी. एम. बिर्ला यांनीं १९४२ सालीं स्थापिली. तिचा पहिला कारखाना बडोदें संस्थानच्या मुलुखांतील ओखा बंदरावर होता. १९४८ सालीं तो हुगळीच्या काठीं उत्तरपाडा येथें गेला आणि तेथें त्याच्या भोंवतीं एक वसाहतच उभी राहिली. त्या वसाहतीच्या रेल्वे-स्टेशनाचें नांवहि ‘हिंद मोटर’ असेंच आहे. परंतु या हिंद मोटारीचा जन्म हिंदांतला नव्हे. कंपनीनें आरंभापासून इंग्लंडांतील मॉरिस मोटारींचे नमुने घेतले. १९५४ ची ‘लँडमास्टर’ ही मॉरिस ऑक्सफर्डच्या दुसऱ्या मालिकेची आवृत्ति होती, आणि १९५७ ची ‘अँबॅसडर’ ही तिसऱ्या मालिकेची. ज्या वाटोळ्या पाठीवरून व फुगीर गालांवरून आपण तिला शंभर गाड्यांत ओळखतों, तीं ऑक्सफर्डजवळच्या काउली गांवीं, इंग्रज मध्यमवर्गीय कुटुंबांसाठीं आंखली गेलीं. इंग्लंडांत ती गाडी १९५९ मध्यें बंद झाली. आपल्याकडे ती त्यानंतर पंचावन्न वर्षें निघत राहिली.

रूप परकें म्हणून वस्तूहि परकी, असा कोता न्याय आम्हांस मान्य नाहीं. तो न्याय लावला तर मराठी कादंबरीहि आपली म्हणतां येणार नाहीं आणि बाजाची पेटीहि नाहीं. पेटीचें उदाहरण तर येथें फारच बोधक आहे. ती युरोपांतून आली, पण आपल्याकडे आल्यावर पायांनीं हांकावयाचा भाता जाऊन हातानें हांकावयाचा भाता आला, कारण आपला वादक जमिनीवर मांडी घालून बसतो. पुढें कीर्तनांत, भजनांत, नाट्यसंगीतांत तिनें अशी जागा मिळविली कीं ती परकी होती हें सांगावें लागतें. परकी वस्तु आपली होते ती अशी, तिच्यांत आपण आपली बुद्धि घालतों तेव्हां. नुसता दीर्घ सहवास घडला म्हणून ती आपली होत नाहीं. तसें असतें तर भाडेकरू पन्नास वर्षांनीं घरमालक झाला असता.

मग अँबॅसडरमध्यें आपण काय घातलें? या प्रश्नाचें उत्तर मृत्युलेख देत नाहींत, आणि तेंच त्यांचें मोठें वैगुण्य होय. कारखान्याकडे पाहिलें तर उत्तर निराशाजनक आहे. ‘मार्क टू’, ‘मार्क थ्री’, ‘मार्क फोर’ अशा पायऱ्या सांगितल्या जातात; परंतु त्यांत बदललें तें मुख्यतः समोरच्या जाळीचें, दिव्यांचें व आंतल्या फळीचें स्वरूप. सांगाडा तोच राहिला. १९९२ मध्यें जो खरा मोठा बदल झाला, म्हणजे १८०० सी. सी. चें इंजिन आलें, तें जपानच्या इसुझू कंपनीच्या नमुन्याचें होतें. म्हणजे पस्तीस वर्षांनंतर गाडीला नवें हृदय मिळालें तेंहि उसनेंच. मात्र कारखान्याच्या फाटकाबाहेर पाहिलें तर उत्तर निराळें येतें. वडाच्या झाडाखालीं पाना, हातोडी व तारेचा तुकडा एवढ्या सामग्रीवर ही गाडी चालती करणारा मिस्त्री; तिच्या टपावर कॅरियर बसवून लग्नाचें वऱ्हाडी सामान लादणारा ड्रायव्हर; पुढच्या सलग बैठकीवर तिघांना व मागें चौघांना बसवून वर मांडीवर मुलें घेणारें कुटुंब; यांनीं त्या इंग्रजी गाडीस जें वळण लावलें तें खरोखर आपलें होतें. स्वदेशीचा मान द्यावयाचा तर तो या मंडळींस द्यावा लागेल. मृत्युलेखांत तो बहुधा मालकाच्या नांवें जमा होतो.

नांवांचीहि एक गंमत सांगण्यासारखी आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि मुंबईस कुर्ल्याच्या कारखान्यांत इटलीच्या फियाटचा नमुना तयार होऊं लागला. त्या इटालियन अंगयष्टीला पुढें ‘पद्मिनी’ हें अस्सल देशी नांव मिळालें. उलट, जिला आपण राष्ट्राची मोटार म्हणतों तिचें नांव अखेरपर्यंत इंग्रजीच राहिलें. मुंबईकरांच्या जिव्हाळ्याची काळी-पिवळी पद्मिनीहि आतां गेली. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २००३ च्या ऑक्टोबरांत ताडदेव येथें झाली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळें ता. ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती मुंबईच्या रस्त्यांवरून नाहींशी झाली. तेव्हांहि असेंच लेख आले, आणि त्यांतहि पद्मिनी मुंबईची कशी झाली याचें श्रेय टॅक्सीवाल्यापेक्षां गाडीलाच अधिक मिळालें.

हा दोष केवळ आमचा नव्हे. ऑस्ट्रेलियांत ‘होल्डन’ या मोटारीस तेथील लोक आपली राष्ट्रीय गाडी मानीत. १९४८ सालीं तिचा पहिला नमुना पंतप्रधान चिफली यांच्या हस्ते लोकांपुढें आला. २०१७ च्या ऑक्टोबरांत एलिझाबेथ येथील कारखान्यांतून शेवटची गाडी निघाली, आणि २०२० च्या फेब्रुवारींत तें नांवच निवृत्त करण्याचा निर्णय जाहीर झाला. देशभर शोक झाला. परंतु ती कंपनी १९३१ पासून अमेरिकेच्या जनरल मोटर्सची होती, पहिल्या गाडीच्या आराखड्याचें मूळ डेट्रॉइटमध्यें होतें, आणि ज्या जाहिरातीच्या गाण्यानें ती घरोघर ऑस्ट्रेलियन ठरली तें गाणेंसुद्धां अमेरिकेंतील शेव्हरोलेच्या गाण्यावर बेतलेलें होतें. निर्णय झाला तोहि डेट्रॉइटमध्येंच. जिचें मरण दुसऱ्याच्या हातीं आहे ती वस्तु कितपत आपली, हा प्रश्न तेथेंहि फार उशिरा सुचला. अँबॅसडरच्या बाबतींत मालक तरी देशांतला होता. म्हणून आपल्या प्रश्नाचें उत्तर अधिक अवघड आणि अधिक बोचरें आहे.

आतां दुसरें विधान: आपल्या रस्त्यांस हीच गाडी योग्य होती. यांत तथ्य आहे, आणि तें आम्ही मोकळेपणानें कबूल करतों. तिचा तळ जमिनीपासून चांगला उंच होता, मागच्या कमानी खड्ड्यांचे धक्के सोसणाऱ्या होत्या, पत्रा जाड होता, आणि यंत्ररचना इतकी सरळ होती कीं ती पाहून समजे. २०१३ मध्यें ब्रिटिश नभोवाणी संस्थेच्या ‘टॉप गिअर’ या मोटारविषयक कार्यक्रमानें निरनिराळ्या देशांच्या टॅक्सींची चढाओढ लावली, तींत अँबॅसडरच पहिली आली. पण एका वर्षाच्या आंत कारखाना बंद पडला, हें त्या प्रशस्तिपत्रकाच्या मागें लिहून ठेवण्यासारखें आहे.

योग्य कीं अयोग्य हें ठरविण्यास तुलना लागते, आणि तुलनेची सोय आपल्याकडे ठेवलेलीच नव्हती. मुंबईंत शिवडी येथें जनरल मोटर्सचा जोडणीचा कारखाना १९२८ पासून होता. फोर्डहि येथें होती. १९५१ च्या कायद्यानें उद्योगधंद्यांस परवाने आवश्यक झाले, आणि १९५३ मध्यें टॅरिफ कमिशननें असें ठरविलें कीं ज्यांस येथें भाग तयार करावयाचे नाहींत, नुसते जोडावयाचे आहेत, त्यांनीं येथें राहूं नये. फोर्ड व जनरल मोटर्स निघून गेल्या. राहिल्या तीन मुख्य गाड्या: उत्तरपाड्याची अँबॅसडर, कुर्ल्याची फियाट आणि मद्रासची स्टँडर्ड. ज्या पाटीवर तीनच उमेदवार, त्यांतला एक पहिल्या नंबरानें उत्तीर्ण झाला, तर त्याच्या विद्वत्तेविषयीं बेतानेंच बोलावें.

येथें कोणी म्हणेल, मग तुम्ही संरक्षणाच्याच विरुद्ध आहां काय? तसें मुळींच नाहीं. महाराष्ट्रीय वाचकांस तरी या तत्त्वाची महती सांगावयास नको. न्यायमूर्ति रानडे यांनीं १८९२ सालीं पुण्यास डेक्कन कॉलेजांत हिंदी अर्थशास्त्रावर जें व्याख्यान दिलें त्यांत इंग्लंडांतील खुल्या व्यापाराचें तत्त्व सर्व देशांस व सर्व काळांस सारखेंच लागू पडत नाहीं, हा मुद्दा त्यांनीं फ्रेडरिक लिस्ट या जर्मन अर्थशास्त्रज्ञाच्या आधारें मांडला होता. बाल्यावस्थेंतील धंद्यास आधार दिला पाहिजे, हा त्या विचाराचा गाभा. १९५३ चा निर्णय त्याच विचाराच्या वंशांतला होता, आणि आमच्या मतें तो योग्यच होता. मुंबई, पुणें, मद्रास येथें मोटारीचे सुटे भाग करणारे जे शेंकडों कारखाने पुढें वाढले त्यांचें मूळ त्या निर्णयांत सांपडतें.

परंतु संरक्षण म्हणजे पांगुळगाडा. मूल चालावयास शिकावें म्हणून तो घरांत आणतात, आणि मूल चालूं लागलें कीं तो माळ्यावर टाकतात. पन्नास वर्षांचा गृहस्थ पांगुळगाडा ढकलीत रस्त्यानें जाऊं लागला, तर त्याच्या चालीचें कौतुक कोणी करणार नाहीं. अँबॅसडरला जो अवधि मिळाला तो शिकण्यासाठीं मिळाला होता. त्या अवधींत स्वतःची नवी गाडी आंखण्याची शक्ति कारखान्यांत यावयास हवी होती. ती आली नाहीं. १९८० नंतर कंपनीनें ‘कॉन्टेसा’ काढली, तिचा नमुनाहि इंग्लंडांतील व्हॉक्सहॉलचा, तिकडे जुना झालेला.

या अपयशाची जबाबदारी एकट्या मालकावर ढकलणें अन्यायाचें होईल. सरकारनें किती गाड्या काढाव्या हें परवान्यानें बांधलें होतें, किंमतीवर नियंत्रण ठेवलें होतें, आणि परदेशी चलनाची टंचाई होती. ज्याला मालाची किंमत ठरवितां येत नाहीं आणि उत्पादन वाढवितां येत नाहीं, तो सुधारणेवर पैसा कशाला घालील? आणि ज्याचा प्रत्येक नग आधींच विकला गेलेला आहे, त्याला सुधारणेची गरज तरी काय? एका बाजूनें हात बांधलेले आणि दुसऱ्या बाजूनें पोट भरलेलें, अशा अवस्थेंत कोणताहि धंदा आळसावतो. गिऱ्हाइकहि या दोषांतून सुटत नाहीं. आपण नंबर लावला, मिळेल ती गाडी घेतली, आणि कांहीं वर्षें वापरून तीच गाडी चांगल्या किंमतीस विकली. टंचाईंत आपलाहि लाभ होता. आज त्या टंचाईलाच आपण साधेपणा म्हणतों!

परीक्षेचा दिवस ता. १४ डिसेंबर १९८३ रोजीं आला. त्या दिवशीं गुडगांवच्या कारखान्यांतून पहिली मारुती बाहेर पडली. तीहि जपानी नमुन्याचीच होती, हें ध्यानांत ठेवावें. परंतु ती हलकी होती, थोड्या पेट्रोलवर चाले, आणि चावी फिरवितांच सुरू होई. १९८० च्या दशकाच्या मध्यास अँबॅसडर वर्षाला सुमारें २४ हजार निघत. अखेरच्या वर्षांत हा आंकडा अडीच हजारांच्या आंत आला. कुटुंबांनीं तिला प्रथम सोडलें, मग खासगी कंपन्यांनीं, आणि सर्वांत शेवटीं सरकारनें. म्हणजे ज्याला स्वतःच्या खिशांतून पेट्रोल घालावें लागत होतें, त्यानें ती आधीं सोडली. मृत्युलेखांतील अश्रु आणि त्या वर्षांतील खरेदीच्या पावत्या शेजारीं शेजारीं ठेवल्या तर हळहळणाऱ्यांतील बहुसंख्यांनीं शेवटच्या वीस वर्षांत ती गाडी घेतलेली नव्हती, असेंच आढळेल.

तिसरें विधान असें कीं ती सर्वांची होती. आम्हांस या विधानाचें सर्वांत अधिक आश्चर्य वाटतें. अँबॅसडरच्या ऐन उमेदीच्या काळांत मोटार बाळगणारें कुटुंब ही गांवांत बोटानें दाखविण्याची गोष्ट होती. बाकीच्यांस तिचा परिचय दोन प्रकारें होता. एक टॅक्सी म्हणून. आणि या अर्थानें ती खरोखर लोकांची होती, विशेषतः कोलकात्यांत, जेथें तिचा पिवळा रंग अजून पूर्णपणें पुसला गेलेला नाहीं. तेथें पंधरा वर्षांची मर्यादा आहे आणि नव्या गाड्या निघत नाहींत, त्यामुळें त्या पिवळ्या टॅक्सी वर्षागणिक कमी होत चालल्या आहेत. दुसरा परिचय म्हणजे पांढऱ्या रंगाची, खिडक्यांस पडदे लावलेली आणि टपावर लाल दिवा मिरविणारी सरकारी गाडी. ती आली कीं रस्ता मोकळा करावयाचा, सायकल उतरून बाजूस धरावयाची, आणि धुरळा बसेपर्यंत उभें राहावयाचें. आंत मंत्री बसलेला असे आणि बाहेर नागरिक उभा असे. दोघेहि एकाच गाडीच्या सान्निध्यांत होते एवढ्यावरून ती समतेचें प्रतीक ठरत नाहीं.

या शोकलेखांत पांढऱ्या गाडीचे उल्लेख ज्या जिव्हाळ्यानें येतात तो पाहतां, लिहिणारे बहुतेक आंत बसणाऱ्यांच्या घरांतले असावेत असा तर्क होतो. एखाद्या अधिकाऱ्याच्या मुलाला तिच्या गादीचा वास आठवावा हें स्वाभाविकच आहे. त्याबद्दल कोणी त्यास दोष देणार नाहीं. परंतु त्या आठवणीला राष्ट्राची आठवण म्हणण्यापूर्वीं, धुरळ्यांत उभ्या राहिलेल्या माणसाला काय आठवतें हेंहि विचारावयास हवें होतें. योगायोग असा कीं ज्या वर्षीं अँबॅसडर हें नांव विकलें गेलें त्याच वर्षीं, ता. १ मे २०१७ पासून, मंत्र्यांच्या व अधिकाऱ्यांच्या मोटारींवरील लाल दिवेहि उतरले. नांवासाठीं शेंकडों लेख झाले. दिव्यासाठीं एकहि शोकलेख आमच्या पाहण्यांत आला नाहीं. लोकांचें खरें मत यावरून समजण्यास हरकत नाहीं.

येथवर आम्ही दोषच काढीत आलों. पण या मोटारीसंबंधीं चांगलें काम झालेंच नाहीं असें नव्हे. तें लेखणीपेक्षां कॅमेऱ्यानें व हातोडीनें अधिक झालें आहे. छायाचित्रकार रघुवीर सिंह हे १९९९ मध्यें निवर्तले. त्यांचा ‘अ वे इन्टु इंडिया’ हा संग्रह २००२ मध्यें प्रसिद्ध झाला. त्यांतील चित्रें अँबॅसडरमधून, किंवा तिला चौकटींत घेऊन काढलेलीं आहेत. उघडें दार, खिडकीची कड, बाजूचा आरसा यांनीं देशाच्या दृश्याचे तुकडे पडतात, आणि त्या तुकड्यांतून रस्त्यावरचीं माणसें, जनावरें, डोंगर, बाजार दिसतात. या चित्रांत मोटारीची आरती नाहीं. ती खिडकी आहे. पाहावयाचें तें पलीकडे आहे. आणि खिडकीमुळें पलीकडचें कसें कापलें जातें, हेंहि तीं चित्रें लपवीत नाहींत. आंत बसणाऱ्याला देश दिसतो तो असा चौकटींतून, हें सत्य इतक्या स्वच्छपणें कोणत्याहि मृत्युलेखांत आलेलें नाहीं.

शिल्पकार सुबोध गुप्ता यांनीं २००३ मध्यें अँबॅसडरची पूर्णाकृति ॲल्युमिनियममध्यें ओतली आणि तिला ‘दूत’ असें नांव दिलें. इंग्रजी नांवाचें हें साधें भाषांतर वाटेल, पण त्यांत मर्म आहे. ॲल्युमिनियम म्हणजे आपल्या स्वयंपाकघरांतील पातेल्यांची धातु. सत्तेची पांढरी गाडी त्या धातूंत उतरल्याबरोबर तिचा दरारा ओसरतो, आणि तरीहि ती अधिक चकाकते. दूत कोणाचा व निरोप कोणता, हा प्रश्न पाहणाऱ्यासाठीं मोकळा राहतो. कारखाना बंद पडण्यापूर्वीं अकरा वर्षें या कलावंतानें तिचा पुतळा करून ठेवला होता, हेंहि लक्षांत घेण्यासारखें आहे. दोघांनींहि गाडीवर प्रेम केलें नसेल असें नाहीं. परंतु त्यांनीं तिच्याकडे पाहिलें. मृत्युलेख लिहिणाऱ्यांनीं बहुधा डोळे मिटून घेतले, आणि मिटल्या डोळ्यांपुढें जें आलें तें लिहिलें.

डोळे मिटल्यामुळें जें सुटलें त्यांत सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे उत्तरपाड्याचा कामगार. २०१४ च्या मे महिन्यांत फाटकावर कामबंदीची सूचना लागली तेव्हां दोन हजारांहून अधिक माणसें त्या कारखान्याच्या पटावर होतीं. कंपनीनें जीं कारणें दिलीं त्यांत अल्प उत्पादकता, वाढती बेशिस्त, पैशाची चणचण, मालास नसलेला उठाव आणि सांचलेलीं देणीं यांचा समावेश होता. बेशिस्त हा शब्द त्या यादींत आहे. सत्तावन्न वर्षांत नवी गाडी आंखली गेली नाहीं, हें वाक्य त्या यादींत नाहीं. गाडी जुनी ठेवण्याचा निर्णय पात्यावर उभ्या असलेल्या माणसानें घेतलेला नव्हता, पण गाडी जुनी झाल्याची शिक्षा प्रथम त्यालाच झाली. कारखान्याच्या जमिनीचा एक मोठा तुकडा तर त्यापूर्वींच घरें बांधण्यासाठीं विकला गेला होता. आधीं जमीन, मग काम, मग नांव, अशा क्रमानें तो कारखाना संपला. नांवाच्या ८० कोटींतून कामगारांचीं व सावकारांचीं देणीं भागविण्यांत येतील असें त्या वेळीं सांगण्यांत आलें. नांव घेणाऱ्या कंपनीचा समूह पुढें भारतांत आला तो ‘सिट्रोएन’ हें आपलें दुसरेंच नांव घेऊन. अँबॅसडर हें नांव धारण करणारी नवी मोटार कांहीं रस्त्यावर आलेली नाहीं.

या व्यवहाराचा अर्थ नीट पाहावा. त्या ८० कोटींत एकहि यंत्र नव्हतें, एकहि आराखडा नव्हता, एकहि माणूस नव्हता. विकली गेली ती आपली आठवण. ती आठवण मिस्त्र्यांनीं, ड्रायव्हरांनीं, प्रवाशांनीं व कामगारांनीं मिळून तयार केली होती. कायद्यानें मात्र ती मालकाची मालमत्ता होती, आणि म्हणून ती विकतां आली. आमच्या हळहळ्या लेखकांस या गोष्टीचा राग यावयास हवा होता. त्यांना गहिंवर आला. इंजिनाच्या सुरावर व गादीच्या ऐसपैसपणावर त्यांनीं रकाने भरले, आणि ज्या मुद्द्यावर रागावणें योग्य होतें तेथें ते हळुवार झाले. ज्या शोकांत प्रश्न नाहीं, तो ज्याला उत्तर द्यावयाचें आहे त्याच्या फार सोयीचा असतो.

तेव्हां अँबॅसडरविषयीं लिहूंच नये काय? अवश्य लिहावें, आमचें म्हणणें इतकेंच कीं दुसरें कांहीं लिहावें. उत्तरपाड्याच्या कारखान्यांत तीस-तीस वर्षें काम केलेलीं माणसें अजून हयात आहेत. पत्रा कसा ओढला जाई, इंजिन कोठें ओतलें जाई, कोणता भाग कोणत्या सालीं परदेशांतून येणें थांबलें, हें त्यांस ठाऊक आहे. कोलकात्याचे टॅक्सीवाले व गांवोगांवचे म्हातारे मिस्त्री यांच्या हातांत जी विद्या आहे ती कोणत्याहि पुस्तकांत उतरलेली नाहीं, आणि त्यांच्याबरोबर ती जाईल. सरकारी दप्तरांत परवान्यांचे कागद आहेत. कोणी काय मागितलें, कोणी काय नाकारलें, सुधारणेचा कोणता प्रस्ताव कोठें अडला, हें त्यांवरून शोधतां येईल. हा इतिहास मराठींतहि लिहिला जावा, कारण कुर्ल्याच्या पद्मिनीचा इतिहास तर आपल्या दारांतलाच आहे, आणि तोहि अद्याप नीट लिहिला गेलेला नाहीं. मोटारीच्या कारखान्यांनीं गजबजलेल्या पुणें-चाकणच्या परिसरांत आज जे तरुण काम करतात त्यांस या दोन कारखान्यांच्या वाढीचा व ऱ्हासाचा वृत्तांत वाचावयास मिळाला, तर त्याचा उपयोग होईल. कारण नमुना परक्याचा आणि हात आपले, हा प्रश्न तेथेंहि पुरता सुटलेला नाहीं. असें एक पुस्तक निघालें तर आम्ही त्याचें परीक्षण मोठ्या आनंदानें करूं, आणि त्यांत दोन-चार पानें हळहळीचीं असलीं तरी त्यांबद्दल तक्रार करणार नाहीं.